आधी घरघर शोधा, मग न्यूझीलंड

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, हातात टेकसन पीएल-३३० हा छोटा शॉर्टवेव्ह रेडिओ आहे. दांडी अँटेना पूर्ण ओढूनही रात्री चिनी केंद्रं आणि घरघर यांपलीकडे काही मिळत नाही. न्यूझीलंड, ब्राझील, आफ्रिका ऐकणारी मंडळी काय वेगळं करतात? मोठा रेडिओ घ्यावा का?

रेडिओ बदलू नका. पीएल-३३०ची संवेदनशीलता न्यूझीलंडसाठी पुरेशी आहे. तुमच्या घरातला विजेचा गोंगाट त्या केंद्रापेक्षा मोठा आहे, अडचण ती आहे. मोठा रेडिओ तोच गोंगाट जास्त स्पष्ट ऐकवेल. पैसा आणि वेळ घालवण्याचा क्रम असा ठेवा: गोंगाट, तार, वेळ. रेडिओ शेवटी.

गोंगाट मोजायला अर्धा तास पुरतो. रेडिओ बॅटरीवर ठेवा, चार्जर काढा. ४१ मीटर बँडच्या आसपास, म्हणजे ७००० ते ७५०० किलोहर्ट्झमध्ये, जिथे कोणतंही केंद्र नाही अशी जागा शोधा. डिस्प्लेवर सिग्नलच्या ताकदीचा आकडा दिसतो, तो कागदावर लिहा. मग घराचा मेन स्विच बंद करा आणि तोच आकडा पुन्हा पाहा. इथे बहुतेकांची एक चूक होते. मेन बंद केला तरी इन्व्हर्टर बॅटरीवरून घराला वीज पुरवत राहतो, आणि तो स्वतःच मोठा गोंगाट करतो. त्यामुळे इन्व्हर्टरचं आउटपुटही बंद करा, नाहीतर 'घरात काही दोष नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. लाइट गेल्यावर घरघर कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर दोषी इन्व्हर्टरच समजा.

सगळं बंद केल्यावर आकडा पडला आणि रेडिओ शांत झाला, तर दोष घरात आहे. आता एक एक एमसीबी चालू करत जा. ज्या एमसीबीला घरघर परत येते, त्या सर्किटवरची उपकरणं एकेक करून तपासा. आवाजावरूनही बरंच कळतं. दर ५०-१०० किलोहर्ट्झवर एकेक फुगवटा येतो आणि तो हळूहळू सरकतो, तर चार्जर, सेट टॉप बॉक्स किंवा राउटरचा अडॅप्टर. सगळ्या बँडभर सारखी खरबरीत घरघर असेल, तर स्वस्त एलईडी दिवा. पंख्याचा वेग बदलल्यावर शिट्टीचा सूर बदलतो, तर बीएलडीसी पंखा. सकाळी उजाडताना सुरू होऊन संध्याकाळी मावळणारा गोंगाट म्हणजे गच्चीवरच्या सोलर पॅनेलचा इन्व्हर्टर, तुमचा नाहीतर शेजाऱ्यांचा. गणपतीत आणि दिवाळीत अचानक सगळा बँड घरघरू लागला, तर रेडिओ उघडू नका. खाली लावलेल्या माळा बघा.

उपाय साधे आहेत. दोषी अडॅप्टर बदला. वजनदार, लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा जुना अडॅप्टर मिळाला तर उत्तम, फक्त व्होल्टेज आणि ध्रुवता जुळवून घ्या. बदलता येत नसेल, तर त्याची वायर फेराइट रिंगमधून, म्हणजे गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या कड्यातून, गुंडाळा. क्लिपचा फेराइट वायरीवर नुसता एकदा अडकवून काही होत नाही. परिणाम वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून मोठी रिंग घेऊन आठ-दहा वेढे द्या. शॉर्टवेव्हसाठी ३१ किंवा ४३ क्रमांकाचं फेराइट योग्य.

मेन बंद करूनही आकडा पडला नाही, तर गोंगाट बाहेरचा आहे. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ राहणारे लगेच यंत्रमागांवर बोट ठेवतात. पण जुन्या मागाची इंडक्शन मोटर स्वतः फारसा रेडिओ गोंगाट करत नाही. गोंगाट करतात ते स्टार्टरचे जळलेले कॉन्टॅक्ट, सततच्या हादऱ्याने सैल झालेली जोडणी आणि नव्या मागांवर मोटरचा वेग बदलणारे व्हीएफडी ड्राइव्ह. ओळखायची खूण म्हणजे माग थांबतात त्या वेळी गोंगाटही थांबतो. खांबावरचा गोंगाट वेगळा असतो. तडा गेलेला किंवा धुळीने माखलेला इन्सुलेटर, सैल तार, यांतून १०० हर्ट्झची कर्कश घरघर येते. मार्च-एप्रिलच्या कोरड्या, धुळीच्या दिवसांत ती वाढते आणि पावसाची चांगली सर येऊन गेली की बहुधा गायब होते. पॉकेट ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर, केंद्र नसलेल्या जागी ठेवून गल्लीत फिरा, खांब सापडतो. खांबाला हात लावू नका, ठोकू नका, ताण तार हलवू नका. खांबाचा क्रमांक टिपून वीज कंपनीकडे लेखी तक्रार करा. 'रेडिओला त्रास होतो' यापेक्षा 'या खांबावर स्पार्किंग आहे' असं लिहिलं, तर माणूस लवकर येतो, आणि ते खरंही असतं.

आता तार. काँक्रीटच्या फ्लॅटमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी बाहेरचा सिग्नल अडवते आणि घरातला गोंगाट दांडीच्या अगदी शेजारी असतो. म्हणून अँटेनाचं टोक घरातून बाहेर काढणं हा सर्वांत मोठा सुधार. सोसायटीची परवानगी असेल तर गच्चीवर १२ ते १५ मीटर तार बांधा. घरगुती वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची मल्टीस्ट्रँड तांब्याची वायर चालते, प्लॅस्टिक सोलायची गरज नाही. एक टोक पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्याजवळ, दुसरं कठड्याला बांधलेल्या पीव्हीसी पाइपवर, गच्चीपासून निदान अडीच-तीन मीटर उंच. दोन्ही टोकांना नायलॉनची दोरी. तार ताठ ओढू नका, थोडा झोळ ठेवा. मे महिन्यातली वावटळ ताठ तार तोडते. विजेच्या कोणत्याही तारेच्या वरून किंवा खालून अँटेना नेऊ नका, आणि दोन्हींमध्ये इतकं अंतर ठेवा की यातली कोणतीही तुटून पडली तरी दुसरीला लागणार नाही.

तारेचं टोक थेट खिडकीतून रेडिओत आणलं, की भिंतीजवळचा शेवटचा भाग पुन्हा घरातला गोंगाट गोळा करतो. म्हणून गच्चीवरच तारेची केबलशी जुळवणी करणारा ९:१ ट्रान्सफॉर्मर बसवा (हे रोधाचं गुणोत्तर, वेढ्यांच्या गुणोत्तराचा वर्ग) आणि तिथून कोअॅक्स, म्हणजे जाळीच्या आवरणाची केबल, खाली आणा. बीएन-७३-२०२ हा दोन भोकांचा छोटा फेराइट कोर घ्या. ०.३ मिलिमीटरच्या एनॅमल तारेने अँटेनाच्या बाजूला ९ वेढे आणि कोअॅक्सच्या बाजूला ३ वेढे द्या. एका भोकातून जाऊन दुसऱ्यातून परत आलं की एक वेढा; अर्ध्या फेरीला वेढा मोजला की गुणोत्तर चुकतं. भोकाची कड धारदार असते, ती आधी बारीक पॉलिश पेपरने मोडून घ्या, नाहीतर एनॅमल खरवडलं जाऊन दोन्ही गुंडाळ्या आतच शॉर्ट होतात. हा दोष बाहेरून दिसत नाही. गुंडाळून झाल्यावर मल्टीमीटरने दोन्ही गुंडाळ्यांमध्ये जोड नाही ना ते तपासा. दोन गुंडाळ्या वेगळ्या ठेवण्यातच सगळी मेख आहे: कोअॅक्सच्या जाळीवरून चढणारा घरचा गोंगाट अँटेनाच्या बाजूला सहज जात नाही. जुन्या टीव्ही अँटेनाचा बलून, म्हणजे जुळवणीचा छोटा ट्रान्सफॉर्मर, इथे लावू नका. तो टीव्हीच्या वरच्या वारंवारितांसाठी असतो, खालच्या बँडवर कमी पडतो.

नऊ वेढ्यांच्या गुंडाळीचं एक टोक तारेला, दुसरं काउंटरपॉइझला. काउंटरपॉइझ म्हणजे कठड्याच्या कडेने विरुद्ध दिशेला टाकलेली ७-८ मीटरची दुसरी वायर. तिसऱ्या मजल्यावरून जमिनीपर्यंत अर्थिंगची वायर आणली, तर ती लांब वायरच अँटेनासारखी वागते, त्यापेक्षा हे बरं. घराच्या थ्री-पिनच्या अर्थला तर अजिबात जोडू नका. ती वायर सगळ्या बिल्डिंगचा गोंगाट वाहते. बैठं घर असेल, तर दीड मीटरचा रॉड जमिनीत ठोका. आपली काळी माती ओली असताना छान वाहक असते, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, ती रॉडपासून सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. खाली मुरूम लागला तर आणखी वाईट. रॉडजवळ रोज बादलीभर पाणी घाला, झाडाला घालता तसं.

कोअॅक्स आरजी-५८ घ्या, किंवा केबल टीव्हीची आरजी-६ही चालते. ७५ ओहमचा फरक ऐकण्यासाठी नगण्य आहे. मात्र आरजी-६ची जाळी अॅल्युमिनियमची असते, तिला साधं सोल्डर धरत नाही. एफ कनेक्टर दाबून बसवा. खोलीत येण्याआधी कोअॅक्सचे १०-१२ वेढे ३१ क्रमांकाच्या मोठ्या रिंगवर, एफटी-२४०-३१वर, घ्या. रेडिओच्या बाह्य अँटेनाच्या भोकात ३.५ मिलिमीटरचा मोनो प्लग लागतो. गच्चीवरच्या जोडावर साधी काळी टेप लावली, तर सोलापूरच्या ४२-४३ अंशांत तिचा डिंक वितळून ती एका उन्हाळ्यात उलगडते. स्वतःला चिकटणारी रबरी टेप लावा, वर प्लॅस्टिकची डबी उपडी घाला आणि खाली भोक ठेवा. कोअॅक्स खिडकीतून आत येण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं.

गच्ची मिळत नसेल, तर बाल्कनीत लूप. सुमारे एक मीटर व्यासाचं अॅल्युमिनियम पट्टीचं कडं आणि छोटा अॅम्प्लिफायर, तयार संच मिळतात. लोखंडी ग्रिलपासून तो शक्य तितका, निदान पाऊण मीटर, दूर ठेवा. त्याला मोबाइलच्या चार्जरवर चालवणं म्हणजे विहिरीत रॉकेल ओतून पाणी शेंदणं. पॉवर बँकेतही स्विचिंग सर्किट असतं, तीही टाळा. १२ व्होल्टची छोटी सीलबंद बॅटरी वापरा. अॅम्प्लिफायर ५ व्होल्टचा असेल, तर मध्ये ७८०५ हा साधा रेग्युलेटर घाला.

तुम्हाला फक्त चिनी केंद्रं का मिळतात, यामागे सोलापूरचा भूगोल आहे. चीनमधलं कशगर आपल्या जवळजवळ त्याच रेखांशावर आहे. सोलापूर ७५.९ अंश पूर्व, कशगर ७६ अंश. म्हणजे ते बरोबर उत्तरेला, सुमारे २,४०० किलोमीटरवर. आयनांबरातल्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागातल्या, एफ थरावरून एकाच उडीत गाठता येईल असं हे सोयीचं अंतर, आणि तिथले ट्रान्समीटर १०० ते ५०० किलोवॅटचे. ती केंद्रं आपल्याकडे दणदणीत येणारच. लूपचा इथे एक मोठा उपयोग आहे. लूप त्याच्या पातळीच्या दिशेने ऐकतो आणि तोंडाच्या दिशेने बहिरा असतो. कडं पूर्व-पश्चिम उभं केलं, की उत्तरेकडचं कशगर दबतं. आकाशातून येणाऱ्या लहरीची दिशा आणि ध्रुवण डळमळत असल्याने ते पूर्ण बंद होत नाही, पण तेवढ्यानेही बाजूचं दुबळं केंद्र वर येतं. आणि ब्राझील सोलापूरहून जवळजवळ थेट पश्चिमेला आहे, तेव्हा तीच ठेवण त्याला अनुकूल पडते.

आता वेळ. हा सगळ्यात रसाळ भाग, आणि बहुतेक लोक इथेच कमी पडतात, कारण ते जेवण झाल्यावर रात्री नऊ-दहाला रेडिओ लावतात. त्या वेळी आशियातली सगळी मोठी केंद्रं एकमेकांवर चढलेली असतात. दिवसा सूर्यामुळे तयार होणारा आयनांबराचा खालचा डी थर खालच्या वारंवारिता गिळतो, म्हणून दुपारी १३ ते १९ मीटर बँड, म्हणजे १५ ते २१ मेगाहर्ट्झ, फिरवा. अंधार पडला की डी थर नाहीसा होतो आणि ३१, ४१, ४९ मीटर उघडतात. खरी लांबची शिकार मात्र संधिप्रकाशात. दिवस-रात्रीच्या सीमारेषेवर डी थर विरलेला असतो, पण वरचा एफ थर अजून जोरात असतो.

न्यूझीलंडचा रँगिटाइकी इथला ट्रान्समीटर १०० किलोवॅटचा, आपल्यापासून सुमारे १२,१०० किलोमीटरवर, आग्नेयेला. तिथे रात्र झालेली आणि आपल्याकडे सूर्य मावळतोय, ही वेळ साधायची. म्हणजे सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास ते नंतर एक तास. सोलापुरात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, जूनमध्ये सातच्या. खिडकीही त्याप्रमाणे सरकते. तिथलं केंद्र, आरएनझी पॅसिफिक, दिवसातून अनेकदा वारंवारिता बदलतं, म्हणून त्या दिवसाचं वेळापत्रक केंद्राच्या संकेतस्थळावरून घ्या.

ब्राझीलची रादिओ नासिओनाल दा अमाझोनिया ११७८० किलोहर्ट्झवर शोधा. अंतर सुमारे १४,००० किलोमीटर. ब्राझिलियाला सूर्य मावळतो तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अडीच-तीन वाजलेले असतात. तेव्हापासून आपल्या सूर्योदयापर्यंत सगळा मार्ग अंधारात असतो. पहाटे साडेचारला उठा, सूर्य वर येईपर्यंत कान लावा. भाषा पोर्तुगीज, प्रत्येक शब्द नाकातून आल्यासारखा, मध्येच संगीत. पहिल्या दिवशी नुसती वाहक लहर, म्हणजे आवाजाविना सिग्नल, भासेल, चौथ्या-पाचव्या दिवशी आवाज येईल. त्याच वारंवारितेवर दुसरं केंद्र असेल तर काही इलाज नाही, दुसरी वेळ बघा.

सुरुवातीला मात्र आफ्रिका घ्या, ती सोपी आहे. झांझिबारचं केंद्र ११७३५ किलोहर्ट्झवर, सुमारे ४,८०० किलोमीटरवर. ते चालू असतं त्या काळात रात्री साडेआठनंतर ऐकायचा प्रयत्न करा. स्वाहिली निवेदन आणि ताराब संगीत, व्हायोलिनच्या लांब ओढी आणि अरबी वळणाची लय. एकदा ओळखलं की विसरत नाही.

सराव आणि तपासणीसाठी १०००० किलोहर्ट्झवर चीनचं बीपीएम हे वेळ-संकेत केंद्र उत्तम. सेकंदाचे टिकटिक ठोके आणि २९व्या व ५९व्या मिनिटाला मोर्समध्ये स्वतःचं नाव. तुमच्या रेडिओचा आकडा बरोबर आहे का, ते इथे कळतं. एसएसबीवर, म्हणजे सिग्नलची एकच बाजू ऐकण्याच्या पद्धतीवर, जाऊन शिट्टीचा सूर शून्यावर आणा आणि डिस्प्ले १०००० पासून किती सरकला ते पाहा. पहाटे याच जागी अमेरिकेच्या डब्ल्यूडब्ल्यूव्हीचा पुरुषी आवाज किंवा हवाईच्या डब्ल्यूडब्ल्यूव्हीएचचा स्त्रीचा आवाज खाली ऐकू येतो का, याकडे लक्ष ठेवा. अमेरिकेचा मार्ग ध्रुवाजवळून जातो, त्यामुळे तो आवाज आला तर भूचुंबकीय शांतता आहे असं समजावं.

रेडिओत काही बिघाड नसताना बिघडल्यासारखं वाटतं, असे प्रसंग ओळखून ठेवा. दुपारी एकाएकी सगळी शॉर्टवेव्ह निपचित पडते आणि काही मिनिटांत किंवा तासाभरात खालून नव्हे तर वरच्या बँडपासून परत येते: सूर्यावरचा स्फोट, सूर्यप्रकाशातल्या बाजूचा ब्लॅकआउट. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सूर्यास्तानंतर केंद्रं ताकदवान असूनही आवाज पंख्यासमोर बोलल्यासारखा फडफडतो: आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ असल्याने एफ थरात बुडबुडे उठतात, दोन-तीन तासांत ते शांत होतं. के निर्देशांक, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय अस्वस्थतेचा आकडा, ५ किंवा वर असला की युरोप-अमेरिका सोडा, पूर्व-पश्चिम आणि दक्षिण बघा. सूर्याच्या सक्रियतेचं २५वं चक्र २०२४च्या सुमाराला शिखरावर होतं. त्या काळात १३ आणि १६ मीटर जसे उघडत होते, तसे पुढच्या उतरत्या वर्षांत उघडणार नाहीत. तेव्हा ते बँड आत्ताच फिरवून घ्या.

लांब तार लावल्यावर छोट्या रेडिओत भलत्याच जागी भलतीच केंद्रं दिसू लागतात. सोलापूर आकाशवाणीची मीडियम वेव्ह वारंवारिता १६०२ किलोहर्ट्झ. तिची दुप्पट ३२०४. तिथे मराठी ऐकू आलं, तर तो लांबचा शोध नव्हे. तपासायला कोअॅक्समध्ये १० डीबीचा अॅटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारी जोडणी, घाला: मधोमध ६८ ओहम, दोन्ही टोकांना कोअॅक्सच्या जाळीकडे १०० ओहम. खरं केंद्र १० डीबीच पडतं. रेडिओच्या पोटात तयार झालेलं भूत वीस-तीस डीबी पडतं किंवा गायबच होतं. तसं झालं, तर अॅटेन्युएटर लावूनच ऐका. आकडा कमी दिसेल, पण आवाज स्वच्छ येईल.

शेजारच्या केंद्राची चिवचिव असेल, तर बँडविड्थ अरुंद करा, आणि तेवढ्याने भागलं नाही तर एसएसबीवर जाऊन ज्या बाजूला शेजारी नाही ती साइडबँड निवडा. दुबळ्या केंद्राचं बोलणं एएमपेक्षा असं जास्त कळतं. इअरफोन वापरा, स्पीकरवर हे जमत नाही.

मे-जूनचे वळवाचे दिवस आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस: कडकड आवाज वाढू लागला की ढग लांब असतानाच कोअॅक्स रेडिओतून काढून खिडकीबाहेर ठेवा. कोरड्या धुळीच्या वाऱ्यातही तारेवर स्थितिक विद्युत साचते आणि रेडिओचा पुढचा ट्रान्झिस्टर मरतो. ट्रान्सफॉर्मरजवळ तार आणि काउंटरपॉइझ यांच्यामध्ये ९० व्होल्टची गॅस डिस्चार्ज ट्यूब बसवा. ती थेट पडणाऱ्या विजेपासून वाचवत नाही, म्हणून वायर काढण्याला पर्याय नाही.

इंटरनेटवरच्या जुन्या याद्यांवर विसंबू नका. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण जानेवारी २०२०मध्ये संपलं, रेडिओ ऑस्ट्रेलियाचं ३१ जानेवारी २०१७ला. चालू केंद्रांची वेळापत्रकंही मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. दूरच्या देशातला ऑनलाइन रिसीव्हर लावून केंद्र चालू आहे का ते जरूर तपासा, पण ते वहीत 'ऐकलं' म्हणून लिहू नका.

वहीत रोज तारीख, वेळ, किलोहर्ट्झ, भाषा, सिन्पोचे पाच आकडे आणि कानावर काय पडलं ते लिहा. सिन्पो म्हणजे ताकद, दुसऱ्या केंद्राचा अडथळा, गोंगाट, फेडिंग आणि एकूण दर्जा, प्रत्येकी १ ते ५. सगळीकडे ५ देऊन केंद्राला खूश करू नका. तिथल्या अभियंत्याला २४३३२ हा आकडा जास्त कामाचा. क्यूएसएल कार्ड, म्हणजे केंद्राकडून येणारं पुष्टीचं कार्ड, हवं असेल, तर निदान पंधरा-वीस मिनिटांचा तपशील द्या: १३:०४ला स्त्री निवेदक, १३:०७ला गिटारवरचं गाणं, १३:१०ला बातम्या. 'छान संगीत ऐकलं' यावरून कोणी पुष्टी देत नाही. रिसीव्हर, अँटेनाची लांबी आणि सोलापूर, १७.७ उत्तर, ७५.९ पूर्व हेही लिहा.

वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) द्यायची असते, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. पहाटे साडेपाचच्या आधी ऐकलेल्या प्रत्येक केंद्राची तारीखही एक दिवस मागे जाते. १ जानेवारीला पहाटे ४:१५ला ऐकलेलं ब्राझील अहवालात ३१ डिसेंबर, २२:४५ असं लिहायचं, आणि वर्षही आदलं.